रिकामा बाक कोणाला तरी दिसला पाहिजे

जून-जुलै उजाडला की आपल्याकडे घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा दहावी-बारावीच्या मुलांपुरती असे. आता ती चाळिशीला आलेल्या सुनेबद्दल असते, बँकेत नोकरी करणाऱ्या जावयाबद्दल असते, बंगळुरूला राहणाऱ्या मुलाबद्दल असते. 'तिनं ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलंय', 'तो नोकरी सांभाळून एम.बी.ए. करतोय', अशी वाक्ये लग्नाच्या पंगतीत आणि बसस्टॉपवर सर्रास कानावर येतात. ऐकून बरे वाटते. शिक्षण सुटलेली माणसे पुन्हा पुस्तक हाती घेतात, याहून चांगली बातमी कोणती?

नाव घालण्याआधी घरात जे प्रश्न विचारले जातात तेही ठरलेले असतात. ही पदवी सरकारी नोकरीला चालेल ना? शुल्क हप्त्याने भरता येईल का? परीक्षा कुठे? पुढे पगारात फरक पडेल का? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण एक प्रश्न मी अजून कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. तो असा, 'तिथं तुला कोणी मैत्रीण मिळेल का गं?'

हा प्रश्न विचारला तर लोक हसतील, हे मला ठाऊक आहे. मैत्रिणी करायला का कोणी एम.ए. करते? सांगलीत मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि अनेक वर्षे रविवारी मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम केले. निवृत्तीनंतरही ऑनलाइन शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना मी मार्गदर्शन करते. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मी म्हणेन की या प्रश्नाला हसू नये. प्रौढ विद्यार्थी शिक्षण पुरे करतो की मध्येच सोडतो, याचे बरेचसे उत्तर या एका प्रश्नात दडलेले असते.

वर्गात शिकणाऱ्या मुलांना जे फुकट मिळते त्याची आपण कधी मोजदाद करत नाही. व्याख्यान, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे सगळे माहितीपत्रकात छापलेले असते. न छापलेले असते ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी सहज विचारलेले वाक्य, 'अगं, काल का आली नाहीस?' पहिल्या रांगेतला तिसरा बाक रिकामा दिसतो. शेजारी बसणारीला तो दिसतो, हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला दिसतो, कँटीनमधल्या पोऱ्यालाही 'आज एक चहा कमी' म्हणून तो कळतो. शिक्षणातला सगळ्यात मोठा आधार मला हाच वाटतो. आपण नसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात येते.

ऑनलाइन वर्गात रिकामा बाक दिसत नाही. पडद्यावर चाळीस चौकोन असतात, त्यातले बहुतेक काळे. त्यातला एक कमी झाला तर कोणाला कळणार? आणि बरेचसे अभ्यासक्रम आता ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांवर चालतात. तिथे तेवढेही चौकोन नसतात. रात्री दहाला भांडी आवरून मोबाइल हाती घेणारी एक अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांचा बोलका चेहरा, एवढाच काय तो वर्ग. शिक्षक बोलतात, पण तिला पाहत नाहीत. ती दोन आठवडे आली नाही तर शिक्षक तेच वाक्य त्याच उत्साहाने बोलत राहतात.

बंगळुरूला राहणारा माझ्या परिचयातला एक तरुण अभियंता ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होता. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, आमच्या वर्गात साडेतीनशे नावं आहेत. पण मी आजारी पडलो तर कळवायचं कोणाला, हे मला माहीत नाही." तो तक्रार करत नव्हता, माहिती सांगत होता. त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनात राहिले.

या गोष्टीला पदव्युत्तर शिक्षणात आणखी महत्त्व का आहे, तेही सांगते. बारावीचा अभ्यास एकट्याने घोकून होतो. एम.ए.ला, एम.कॉम.ला, एम.एस्सी.ला तसे होत नाही. तिथे एखादा सिद्धान्त वाचला की तो पटतो की नाही हे ठरवावे लागते आणि ते बोलल्याशिवाय ठरत नाही. केन्सची मागणीची उपपत्ती मी स्वतः वर्गात समजून घेतली नव्हती. ती समजली वसतिगृहाच्या पायरीवर, खोलीतल्या मैत्रिणीशी भांडताना. शिवाय शेवटी प्रकल्प किंवा प्रबंध असतो. त्यात कित्येक महिने माणूस आपल्याच विषयात बुडालेला असतो आणि त्या काळात 'मला हे जमणार नाही' असे एकदा तरी प्रत्येकाला वाटते. शेजारच्यालाही तसेच वाटते आहे हे कळले की निम्मे ओझे उतरते. ते कळले नाही तर माणूस धरून चालतो की मीच मठ्ठ आहे, माझेच वय झाले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. प्रौढ माणसाला घर असते, कचेरीतले सहकारी असतात, नातेवाईक असतात. त्याला वर्गमित्र कशाला हवेत? हा आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. विद्यार्थी शिक्षण का सोडतात यावर अमेरिकेतील व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये एक उपपत्ती मांडली. केवळ गुण आणि हुशारी पुरत नाही, विद्यार्थी संस्थेच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळतो यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८५ मध्ये बीन आणि मेट्झनर या अभ्यासकांनी तिला मुरड घातली. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कॉलेजातल्या मैत्रीपेक्षा बाहेरची परिस्थिती जास्त वजनदार ठरते, म्हणजे नोकरी, पैसा, घरची जबाबदारी, घरच्यांचे प्रोत्साहन, असे त्यांनी दाखवले.

मला दोन्ही पटते. पण घर आणि वर्गमित्र यांची कामे वेगळी आहेत. घर माया देते, वेळ देते, प्रसंगी शुल्कही भरते. पण स्वाध्यायातल्या चौथ्या प्रश्नावर तीन दिवस अडून बसण्यातला वैताग घराला वाटून घेता येत नाही. नवरा कितीही समजूतदार असला तरी तो म्हणतो, "जाऊ दे ना, एवढं मनाला कशाला लावून घेतेस?" वर्गमैत्रीण म्हणते, "मलापण तिथंच अडलंय. चल, बघू या." एकाने प्रेमापोटी दिलेली ती सुटका असते, दुसरीने दिलेली सोबत असते. शिकणाऱ्याला दोन्ही लागतात.

घरी बसून शिकणे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच कुठूनही अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा दिली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

पण ज्यांनी हे शिक्षण विचारपूर्वक उभारले त्यांनी विद्यार्थ्याला घरात एकटे सोडले नव्हते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. पुस्तके टपालाने येत, व्याख्याने बीबीसीवरून होत. पण त्याच्या जोडीला गावोगावी शिक्षकाभोवती छोटे गट होते आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहण्याची निवासी शिबिरेही होती. विली रसेल यांचे 'एज्युकेटिंग रिटा' हे १९८०चे नाटक अनेकांना ठाऊक असेल. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. त्यात केशकर्तनालयात काम करणारी रिटा मुक्त विद्यापीठात शिकते. ती उन्हाळी शिबिराहून परतते तेव्हा तिच्यात पडलेला फरक तिच्या प्राध्यापकालाही चकित करतो. इतके दिवस ती एका शिक्षकाशी बोलत होती. आता ती आपल्यासारख्या इतरांत वावरून आलेली असते.

आपल्याकडे हेच काम रविवारच्या संपर्कसत्रांनी केले. अभ्यासकेंद्रावरचा तो रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोणी विट्याहून, कोणी जतहून एस.टी.ने येई. त्यात पोलीस शिपाई असत, परिचारिका असत, ग्रामसेवक असत. आम्ही जे शिकवत असू त्यातले किती त्यांच्या लक्षात राहिले, देव जाणे. पण मधल्या सुट्टीत डबे उघडले जात. शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडे जाई आणि त्याबरोबर टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, बदलीच्या बातम्या, लेकरांची आजारपणेही जात. "यंदा परीक्षा देणार नव्हते, पण हिनं माझा फॉर्म भरून टाकला," असे सांगणाऱ्या बायका मी अनेक पाहिल्या. ते शिक्षण दूरस्थ होते, पण माणसे दूर नव्हती.

ऑनलाइनने हा रविवार गिळला. मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. ऑनलाइन शिक्षण हे वरदानच आहे. तान्हे मूल असलेल्या आईला, चाकाच्या खुर्चीतल्या तरुणाला, रात्रपाळीच्या परिचारिकेला, एस.टी. न पोहोचणाऱ्या वाडीतल्या मुलीला त्याने दार उघडून दिले. २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित नियमावली काढली. २०२२ मध्ये मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असेही आयोगाने स्पष्ट केले. पदवीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सोबतीच्या प्रश्नाचे मिळायचे आहे. 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेची जागा. चौथा भाग शंकानिरसनासाठी आहे आणि तो हवाच. पण जिला आपली शंका शंका म्हणण्याच्या लायकीची तरी आहे का, हेच कळत नाही, ती हजारो अनोळखी डोळ्यांसमोर ती कशी लिहिणार? ती आधी एका मैत्रिणीला विचारते. ती मैत्रीणच तिथे नसते.

आपल्या महाराष्ट्राला तर हे नव्याने सांगायला नको. आपल्या शिक्षणाचा इतिहास जितका शाळांचा आहे तितकाच वसतिगृहांचा आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. खेड्यातून आलेल्या, घरात शिक्षणाचा गंधही नसलेल्या मुलाला केवळ वर्ग आणि मास्तर देऊन भागत नाही, त्याच्या शेजारच्या अंथरुणावर त्याच्यासारखाच दुसरा मुलगा असावा लागतो, हे या माणसांनी ओळखले होते. ती सोबत आपोआप उगवली नाही, त्यांनी ती मुद्दाम उभी केली. ऑनलाइन शिक्षणाचे शाळाघर आपण बांधले आहे. त्याचे वसतिगृह अजून बांधायचे आहे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो की! असतो. मीही अशा काही ग्रुपांत आहे. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी 'सर, फॉर्मची शेवटची तारीख?', पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, रात्री कोणीतरी टाकलेली दोनशे पानांची पीडीएफ. तीनशे माणसांच्या या ग्रुपाला मी नावे ठेवत नाही. सूचना पोहोचवायला तो चांगला आहे. पण गर्दी आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे समजायला आषाढी वारीसारखे दुसरे उदाहरण नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लाखोंनी माणसे चालतात, पण लाखांबरोबर कोणीच चालत नाही. प्रत्येक जण आपल्या दिंडीबरोबर चालतो. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची की रथामागची ते ठरलेले असते, विणेकरी असतो, मुक्कामाची आणि जेवणाची सोय दिंडीची असते. एखादी म्हातारी मागे राहिली तर ते पालखीला कळणार नाही, पण दिंडीला कळते. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथवर जाऊन ती ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्याच्या घोषणाही तिथेच होतात. इतक्या अफाट गर्दीत एकेका माणसाची दखल घेण्याची ही रीत आपल्या वारकऱ्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय बसवली. आपल्या ऑनलाइन वर्गांत वारी आहे, दिंडी नाही.

इतर देशांतही या प्रश्नावर डोके खपवणारी माणसे आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. पुढे तिथे एका वेळी दहा हजारांहून अधिक विद्यार्थी शिकू लागले. तिथले प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देणारी 'जिल वॉटसन' नावाची संगणकीय साहाय्यक वर्गात आणली. ती माणूस नाही हे विद्यार्थ्यांना आधी कळलेच नाही, म्हणून तिची जगभर वाहवा झाली. पण मला जास्त मोलाचे वाटते ते त्यांच्याच चमूचे पुढचे काम. 'सामी' नावाचा त्यांचा कार्यक्रम शंकांची उत्तरे देत नाही. नव्या विद्यार्थ्यांनी आपली ओळख लिहिली की तो ती वाचतो आणि ज्याची इच्छा असेल त्याला कळवतो की तुझ्याच शहरात राहणारे, तुझ्यासारखीच आवड असलेले हे काही जण या वर्गात आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर तो ओळख करून देणारा मध्यस्थ आहे.

संगणकशास्त्राच्या लोकांनाही असा मध्यस्थ लागतो, यातच सगळे आले. पण मध्यस्थाने पत्रिका जुळवून दिली तरी संसार ज्याचा त्याने करायचा असतो. यंत्र नावे देईल. तिसऱ्या रविवारी फोन उचलून 'का गं, आवाज बसलाय तुझा?' असे विचारणार माणूसच.

आमच्याकडे आम्ही तीन-चार जणांनी मिळून एक साधा प्रयोग केला. त्याला खर्च काही आला नाही. ऑनलाइन एम.ए. करणाऱ्या ओळखीच्या विद्यार्थ्यांचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट पाडले. गावावरून नव्हे, मोकळ्या वेळेवरून. पहाटे पाचला अभ्यास करणाऱ्यांचा एक गट, रात्री दहानंतरवाल्यांचा दुसरा. रविवारी अर्धा तास फोनवर भेटायचे. नियम दोनच. पहिला, प्रत्येकाने या आठवड्यात कुठे अडले ते एक वाक्यात सांगायचे. कुठे पोहोचलो ते सांगायचे नाही. दुसरा, जो आला नाही त्याला त्याच दिवशी एकाने फोन करायचा. फोन कोणी करायचा याची पाळी आधीच लावलेली.

सगळे गट टिकले असे मी म्हणणार नाही. काही महिनाभरात विझले. एका गटात एकच गृहस्थ अर्धा तास बोलत, बाकीचे पळाले. पण जे टिकले त्यांनी मला पुष्कळ शिकवले. मघाशी उल्लेख केलेली अंगणवाडी सेविका अशाच एका गटात होती. ओळीने दोन रविवार ती आली नाही. पाळी होती रत्नागिरीच्या एका परिचारिकेची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेही नव्हते. फोनवर कळले की सासूबाई दवाखान्यात आहेत, रात्री तिथेच बसावे लागते आणि आता या वर्षी परीक्षेचा विचार सोडला आहे. परिचारिकेने आधी सासूबाईंच्या औषधांची चौकशी केली. मग म्हणाली, "तू वाचू नकोस. मी वाचते, तू नुसतं ऐक." रोज रात्री आपल्या आवाजात दहा मिनिटांचे टिपण मुद्रित करून ती पाठवत राहिली. दवाखान्याच्या बाकावर कानाला मोबाइल लावून ते ऐकले गेले. स्वाध्याय वेळेत गेले. परीक्षेच्या दिवशी दोघी पहिल्यांदा पडद्यावर एकमेकींसमोर आल्या आणि म्हणे, बोलणे सुचेना.

याच्या उलट उदाहरणही आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिणारा एक तरुण एम.कॉम. करत होता. तो कोणत्याच गटात नव्हता. कारखान्याची पाळी बदलली, व्याख्याने मागे पडली आणि तो थांबला. त्याचे शुल्क भरलेले होते, नाव यादीत होते, मोठ्या ग्रुपातही तो शेवटपर्यंत होता. तो गेला हे परीक्षेचे अर्ज मोजताना कळले, सात महिन्यांनी. कोणी त्याला हाकलले नव्हते, कोणी अन्यायही केला नव्हता. त्याचा बाक रिकामा झालेला कोणी पाहिला नाही, एवढेच. अशी गळती आरडाओरडा करत नाही. त्या माणसाच्या मनात मात्र 'शिक्षण आपल्यासाठी नाही' हे कायमचे कोरले जाते आणि त्याची मुले ते ऐकत मोठी होतात.

मग करायचे काय? विद्यापीठांकडे माझी मागणी मोठी नाही. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला पाच-सहा जणांचा एक छोटा गट द्यावा, तीनशेंच्या ग्रुपाशिवाय वेगळा. सत्रात निदान एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसभराचा मेळावा घ्यावा, ज्याला जमेल त्याने यावे. त्यासाठी नवी इमारत नको, अभ्यासकेंद्रे आणि महाविद्यालये रविवारी मोकळीच असतात. गट सांभाळणे हे मार्गदर्शकाचे काम म्हणून धरावे आणि त्याचे मानधन द्यावे. नाहीतर ते कोणाच्याच वाट्याला येत नाही. आणि माहितीपत्रकात शुल्काशेजारी आणखी दोन आकडे छापावेत, गेल्या तुकडीत किती आले आणि किती पार पडले. पालक आणि विद्यार्थी ते वाचतील.

पण मैत्री लादता येत नाही, याचेही भान हवे. पहिल्या दिवशी सर्वांना कॅमेरे उघडायला लावून 'तुम्ही प्राणी असता तर कोणता?' असले खेळ खेळवले की प्रौढ माणूस मनातून मिटतो. एका खोलीच्या घरात राहणारीला कॅमेरा उघडणे म्हणजे घर उघडे टाकणे वाटते. बायकांना आपला नंबर तीनशे अनोळखी माणसांत जाणे नको असते आणि त्यांचे ते म्हणणे योग्यच आहे. ज्याला एकट्याने शिकायचे आहे त्याला तो हक्क आहे. गटात कामापुरते बोलले तरी चालेल. मैत्री झाली तर ती कामाच्या कडेने होते, जशी ती लोकलच्या डब्यात होते. आठ-बाराच्या गाडीत कोणी मैत्री करायला चढत नाही. रोज एकाच डब्यात, एकाच कोपऱ्यात उभे राहून ती होते. मग एखाद्या दिवशी कोणी दिसले नाही की पुढच्या स्टेशनापर्यंत फोन गेलेला असतो. ठरलेली वेळ, लहान गट आणि थोडे सामायिक काम एवढे मिळाले की बाकीचे माणसे करून घेतात.

आणि शेवटी आपण, घरातली माणसे. बीन आणि मेट्झनर यांचा मुद्दा इथे पुरेपूर लागू पडतो. रविवारचा तो अर्धा तास देणे किंवा न देणे आपल्याच हाती असते. मुलगा 'ग्रुप स्टडी' म्हणून रात्री मित्राकडे गेला तर आपण दार उघडे ठेवतो. सून रात्री साडेदहाला वर्गमैत्रिणीशी फोनवर बोलताना हसली, तर मात्र बैठकीतून आवाज येतो, "अभ्यास चाललाय की गप्पा?" बायांनो आणि बापयांनो, त्या गप्पा हाच अभ्यास आहे. तिला त्या वेळेपुरते दार लावून घेऊ द्या. कुकर तुम्ही बंद करा. जिल्ह्याच्या मेळाव्याला जायचे म्हणाली तर 'एका दिवसासाठी एवढ्या लांब?' असे म्हणू नका. शक्य असेल तर डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, वाटून खायला.

शिकणाऱ्यांनाही सांगणे आहे. कोणीतरी आपली विचारपूस करील म्हणून वाट पाहत बसू नका. यादीतले एखादे नाव निवडा आणि 'मला दुसरं प्रकरण कळलं नाही, तुम्हाला कळलं का?' एवढे एकच वाक्य पाठवा. मला कळत नाही, असे म्हणणाऱ्या माणसाशी बोलायला लोकांना आवडते. समोरून उत्तर नाही आले तर दुसरे नाव घ्या. चार जणांपैकी एक जण तुमच्यासारखाच रात्री उशिरा जागा असतो.

आज रविवार आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणी ऑनलाइन शिकत असेल तर आज त्यांना मार्क विचारू नका, पदवी कधी मिळणार तेही विचारू नका. एवढेच विचारा, "तुझ्या वर्गातल्या तीन जणांची नावं सांग बघू." नावे भराभर आली तर निश्चिंत व्हा. ती आठवताना बराच वेळ लागला, किंवा आलीच नाहीत, तर त्यांच्यासाठी चहा टाका आणि पहिले नाव शोधायला मदत करा.